पट्टा पडेपर्यंतचे पाहुणे

खोली भाड्याने देताना आबांनी तीन प्रश्न विचारले होते. गाव कुठलं, घरात कोण कोण, आणि राहणार किती दिवस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मॅडमनी लगेच दिली: पाटोदा तालुका, जिल्हा बीड, घरी आईवडील आणि दोन भाऊ. तिसऱ्यापाशी त्या जरा अडखळल्या. नोकरी कायमची होती. “आता इथंच,” त्या म्हणाल्या, तेव्हा आबांच्या कपाळावर एक बारीकशी आठी आली आणि गेली. लहानपणी आईवडिलांबरोबर त्या याच वारणेच्या काठी ऊसतोडीला सहा हंगाम आल्या होत्या. तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. फडावरच्या झोपडीत, कोपीत, राहणाऱ्याला तो विचारावाच लागत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की तो जाणारच असतो.

आबा आणि मॅडम या नुसत्या हाका आहेत, नावं राहू देत. आबा सत्तरी ओलांडलेले, साडेतीन एकरांचे मालक, वारणा कारखान्याचे जुने सभासद आणि एके काळचे ट्रॅक्टरवाले. मॅडम ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. वारणानगरपासून सायकलने जाता येईल अशा गावात, आबांच्या सोप्यावर, संध्याकाळच्या चहाला या दोघांचं जुंपतं. जानेवारी २०२५ मधल्या एका संध्याकाळी ते जुंपलं नातवावरून. आयटीआय करून पोरगा शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत विचारायला गेला होता. कंत्राटदाराने मोबाइल नंबर लिहून घेतला. त्याला महिना झाला.

“सगळी तिकडचीच भरल्यात बगा,” आबा म्हणाले. “बिहार, ओरिसा, यूपी. शंभरात चाळीस तर तीच. आमच्या पोरांनी जायचं कुठं?”

“चाळीस? मोजलीत तुम्ही?”

“मोजायला कशाला पायजे? सांजचं हायवेला उभं ऱ्हावा की.”

मॅडम हसल्या. आबांचा आकडा चुकला असेल तर ते एकटे नाहीत. आल्बेर्तो अलेसिना, आर्मांदो मियानो आणि स्टेफनी स्टँचेवा या अर्थतज्ज्ञांनी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि स्वीडन या सहा देशांतल्या वीस हजारांहून अधिक लोकांना हाच प्रश्न विचारला होता: तुमच्या देशात बाहेरून आलेले किती? सगळीकडे लोकांनी आकडा फुगवूनच सांगितला. अमेरिकेत कायदेशीर स्थलांतरित शंभरात दहा. लोकांचा सरासरी अंदाज छत्तीस. बाहेरचा माणूस डोळ्यांत भरतो, आपला भरत नाही. त्या पाहणीत आणखी एक मासला निघाला. आधी स्थलांतरितांविषयी विचारलं आणि मग ‘गरिबांसाठी सरकारने खर्च करावा का’ असं विचारलं, तर लोकांचा हात आखडला. परक्याची नुसती आठवण करून दिली तरी स्वतःच्या देशातल्या गरिबासाठीची मायाही आटते.

“आता आपल्या जनगणनेचं सांगते,” मॅडम म्हणाल्या. “२०११ च्या मोजणीत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले. त्यात सगळ्यात जास्त कोण? लग्न होऊन सासरी आलेल्या बायका. त्या हिशेबाने आबा, या घरात परप्रांतीय एकच आहे.”

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या आजी थबकल्या. त्यांचं माहेर निपाणी. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, आणि पुढे आजी लग्न करून आल्या त्या सरकारदरबारी दुसऱ्या राज्यातून.

“मी व्हय परप्रांतीय?” आजी म्हणाल्या. “पन्नास वर्सं भाकरी थापली, ती कुठल्या प्रांताची?”

आबांनी चहा बशीत ओतला. हा मुद्दा त्यांनी सोडून दिला, पण नातवाचा सोडला नाही. आणि तो सोडण्यासारखाही नव्हता. “मला एक सांगा मॅडम. ती पोरं कमी पैशात बारा बारा तास राबत्यात. त्यानं आमच्या पोराचा भाव पडतो का न्हाई? पुस्तकात काय बी असू दे.”

पुस्तकात भांडणच आहे. १९८० मध्ये काही महिन्यांत सव्वा लाख क्यूबन माणसं अमेरिकेतल्या मायामी शहरात उतरली, कामगारांची संख्या एकदम सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये आकडे तपासून सांगितलं की स्थानिकांच्या मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे उकरून काढले आणि म्हटलं की शाळा अर्धवट सोडलेल्यांना फटका बसला. कार्ड यांना २०२१ चा नोबेल मिळाला, तरी वाद मिटला नाही. मॅडमनी हे सगळं सांगितलं. आबांना त्यातलं बोर्हास यांचंच पटलं, हे उघड आहे. खरं तर अख्ख्या शहराच्या सरासरीतून एका फौंड्रीच्या गेटवर काय घडतं ते कळत नाही. आबा गेटवरचं बोलत होते.

“गेटवरचंच बोलू,” मॅडम म्हणाल्या. “कंत्राटदाराला ओरिसाचा पोरगा का आवडतो? नुसता स्वस्त म्हणून नाही. तो शेडमध्येच झोपतो. त्याचा मामा ग्रामपंचायतीत नाही. तो जोतिबाच्या यात्रेला दांडी मारत नाही. त्याला रात्री दोन वाजता उठवलं तरी तो कुणाला फोन करणार? तुमच्या नातवाला हाकलता येतं, पण गप्प बसवता येत नाही. कंत्राटदाराला गप्प माणूस पाहिजे.”

याचा जुना दाखला आपल्या शेजारीच आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन सत्तरच्या दशकात दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या भागातले सहकारी साखर कारखाने बघत होते. तिथल्या फडात खानदेशातून आलेल्या टोळ्या कोयता चालवत होत्या, आणि त्याच गावांतले हळपती शेतमजूर कामावाचून बसून होते. ब्रेमन यांचं म्हणणं असं की हे मजुरांच्या टंचाईमुळे झालेलं नाही. परका मजूर टोळीने येतो, उचलीने, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाने, बांधलेला असतो, फडातच राहतो, दिवसरात्र हाताशी असतो. स्थानिक मजूर संध्याकाळी घरी जातो. कारखान्यांना घरी न जाणारी माणसं हवी होती.

आबांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. “कंत्राटदाराचं पाप तुमी आमच्या माथी मारू नका. आमच्या भागात तुमच्या लोकांचा राग कोण करतंय? दरसाल टोळ्या येत्यात. पाणी देतोय, सरपण देतोय, पोरांस्नी ताक-दूध देतोय. कधी कुणी म्हटलं, बीडवाले हटाव?”

“नाही म्हटलं. तेच तर मला सांगायचंय.”

आणि इथून त्या संध्याकाळचा खरा वाद सुरू झाला.

मॅडमचं म्हणणं थोडक्यात असं. ओरिसाचा पोरगा नातवाच्या बरोबरीने एकाच गेटवर उभा राहतो, म्हणून तो डोळ्यात सलतो. बीडचा कोयता कुणाच्याच बरोबरीला नाही. त्याचं काम गावातल्या कुणाला नको आहे, त्याची कोपी गावाबाहेर आहे, त्याचं रेशन आणि त्याचं मत इथे नाही, आणि एप्रिलपर्यंत तो निघून जातो. त्याच्यावर गाव माया करू शकतं. “तो जोवर खाली आहे तोवर तुम्ही चांगले आहात,” त्या म्हणाल्या. घरमालकाला हे ऐकवायला हिंमत लागते. त्यांच्यात ती आहे.

आबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “राग केला न्हाई म्हणता? मी केलाय. २०१८ ला.”

त्या वर्षी त्यांनी ट्रॅक्टरसाठी बारा कोयत्यांची टोळी ठरवली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. प्रत्येक कोयत्याला लाख, टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या हातात बारा लाख. पैसे कर्जाचे. दिवाळीनंतर टोळी आली, सतरा दिवस तोडलं, आणि अठराव्या दिवशी सकाळी कोप्या रिकाम्या. चुलीतली राख तेवढी ऊन. कुणी म्हणालं टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली, कुणी म्हणालं कर्नाटकात. आबा दोन माणसं घेऊन मुकादमाच्या गावी गेले. घराला कुलूप. तिथल्या पोलिसांनी त्यांनाच विचारलं, पैसे दिल्याचा करार कुठं आहे? दीड वर्षाने ट्रॅक्टर विकला. कोल्हापूर-सांगलीकडच्या ऊस वाहतूकदारांत अशी कहाणी नसलेलं घर शोधावं लागेल. आंदोलनं झाली, विधिमंडळात प्रश्न आले, गुन्हे दाखल झाले. काहींनी आत्महत्या केल्या.

“बारा लाख, मॅडम. मी काय साखरसम्राट हाय?”

मॅडमनी बचाव केला नाही. उलट त्यांनी आपल्या वडिलांच्या वेळचं सांगितलं. एका वर्षी मुकादमाने दोन ट्रॅक्टरवाल्यांकडून उचल घेतली. मजुरांच्या हातात त्यातला तिसरा हिस्साही आला नव्हता. टोळी एका मालकाच्या फडात पोहोचली तर दुसऱ्या मालकाची माणसं जीपमधून आली आणि वडिलांसह तिघांना दोन दिवस एका खोलीत बसवून ठेवलं. “तुम्ही मुकादमाला शोधत पाटोद्याला जाता, तो सापडत नाही. मजूर मात्र लगेच सापडतो. तो फडातच असतो.”

मग त्यांनी वहीचं पान काढलं. शिक्षकाची सवय. ऊसतोडीचा दर टनाला २७३ रुपये होता. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात तो ३४ टक्क्यांनी वाढला, म्हणजे ३६६ च्या आसपास. चांगला जोडीदार असेल, उभा ऊस असेल, तर एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो. पहाटे चारला फडात, आणि ट्रॉली भरून होईपर्यंत रात्र. दोन टनाचे ७३२ रुपये, दोघांत. एक लाखाची उचल फेडायला एकही दिवस न चुकता १३७ दिवस लागतात. अलीकडे हंगाम चार महिन्यांवर आलाय, कधी त्याहून कमी. १२० दिवसांचे होतात ८७ हजार ८४०. राहिले १२ हजार १६०. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत, आणि पुढच्या वर्षी याच मुकादमाकडे. यात आजारपण धरलेलं नाही, बाजारच्या दिवशी घेतलेले खर्चीचे पैसे धरलेले नाहीत, खाडा धरलेला नाही.

“खाडा म्हंजे?” आजींनी विचारलं.

“कामावर नाही गेलं तर दंड. मजुरी तर बुडतेच, वर दंड. म्हणून बाया पाळीत सुट्टी घेत नाहीत.” मॅडम जरा थांबल्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पुष्कळ जणींचं वय चाळिशीच्याही आतलं. “माझी मावशी त्यात आहे. पिशवी काढायला तिने मुकादमाकडूनच पैसे उचलले होते.”

आजी उठून आत गेल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चुरमुऱ्याची ताटली होती आणि डोळे पुसलेले होते.

वारणानगरात हिशेब ही काही नवी गोष्ट नाही. तात्यासाहेब कोरे यांनी पन्नासच्या दशकात इथल्या माळावर सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्याच्या भोवती दूध संघ, बाजार, शाळा-कॉलेजं, मुलांचा बालवाद्यवृंद असं गाव वसलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात आसपासच्या सत्तर गावांत संगणक आले. शेतकऱ्याला आपल्या उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, काट्यावरचं वजन गावात बसून बघता येऊ लागलं. दिल्ली-मुंबईहून माणसं हे बघायला यायची. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देण्याचा प्रयोगही झाला. वारणेच्या उसाचं कांडं न् कांडं संगणकात गेलं, पण ते कांडं तोडणाऱ्याचा हिशेब आजही बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या वहीत असतो. हंगामभर तोडलेल्या टनांची एक प्रत मजुराला मिळाली तरी उचलीचं निम्मं गूढ उलगडेल. यासाठी संगणकसुद्धा लागत नाही, कार्बन कागद पुरतो.

आबांना मात्र दुसरंच खुपत होतं. “हे ३४ टक्के वाढले, ते दिले कुणी? कारखान्यानं?”

हा त्यांचा खरा मुद्दा आणि तो बळकट होता. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, टनाला ३४०० रुपये, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. कोल्हापूरचा उतारा जास्त असल्याने इथे थोडा वरचा बसतो. पण हा दर कारखान्याच्या दारात पोचलेल्या उसाचा. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातून वजा होतो आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर पडते. म्हणजे मजुराची वाढ झाली की ती शेतकऱ्याच्या बिलातून निघते. “करार होतो तवा संघाची खुर्ची असते, युनियनची असते, पुढाऱ्यांची असते. ज्याच्या खिशातनं जाणार त्याची खुर्ची कुठाय? वर ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला एंट्रीचे पैसे द्या, टोळीला मटणाचं द्या. अठरा महिने आडसाली ऊस सांभाळायचा, आन शेवटाला माझ्याच फडात मी भिकाऱ्यागत तोड मागत फिरायचं.”

“म्हणजे माझ्या बापाची मजुरी वाढली की तुमचा खिसा फाटतो,” मॅडम म्हणाल्या.

“तसंच की.”

“मग तुमचा राग माझ्या बापावर यावा, अशीच ही व्यवस्था बांधलीय.”

याला आबा ‘व्हय’ म्हणाले नाहीत. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला ते वर्षानुवर्षं जातात. तिथे दराची मागणी होते, रस्ते अडतात, उसाच्या गाड्यांची हवा सोडली जाते. त्या गाड्यांमागे थांबलेल्या कोयत्यांचा दिवस मोकळा जातो, त्याचे पैसे कुणी देत नाही. हे त्यांनाही ठाऊक आहे. दोन अशक्त माणसं एकमेकांची मनगटं धरून उभी आहेत आणि काटा तिसऱ्याच्या हातात आहे, हे चित्र त्या सोप्यावर दोघांनाही दिसत होतं. फक्त आबांचा जुना कारखाना हा त्यांच्या बापाइतकाच त्यांचा असल्याने त्याला तिसरा म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

त्यांनी वेगळीच बाजू काढली. “आमी काय बाहेर गेलो न्हाई व्हय? माझा चुलता लालबागला मिलमदी होता. एका खोलीत बारा बाप्ये, पाळीपाळीनं झोप. तिथं ‘घाटी’ म्हणायची लोकं. त्यानं कधी कुणाचं बुडवलं न्हाई. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, दोन वर्सं वाट बघितली, आन एक ट्रंक घेऊन माघारी आला. रडगाणं गायला न्हाई.”

“पण तुमच्या चुलत्याला महिन्याचा पगार हातात मिळत होता, आबा. युनियन होती. बदली कामगार असला तरी त्याला कार्ड होतं. आणि मुंबईने त्याला घाटी म्हटलं, तरी तो मुंबईत राहू शकत होता. माझ्या बापाने वीस हंगाम या नदीवर काढले. इथल्या एकाही कागदावर त्याचं नाव नाही.”

कायद्यातही तेव्हा ही गंमत होती. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. पाटोद्याचा कोयता बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेला तर तो कागदोपत्री स्थलांतरित. तीनशेहून अधिक किलोमीटर तोडून वारणेवर आला तर तो नुसताच महाराष्ट्राचा नागरिक, घरापासून जरा लांब. उलट फौंड्रीतल्या ओरिसाच्या पोराला निदान नावापुरता तरी कायदा होता. आबांना उद्योगांत ८० टक्के स्थानिक घेण्याच्या २००८ च्या शासन निर्णयाची चांगली आठवण होती. त्यात ‘स्थानिक’ म्हणजे पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला. मॅडमनी विचारलं, म्हणजे फौंड्रीत मी आणि माझे भाऊ चालू? आबा म्हणाले, तुमी चालता की, तुमी मराठी. “मग शिरोलीत तुमच्या नातवाच्या जागी माझा भाऊ लागला तर?”

उत्तर यायला वेळ लागला. आजींनी तेवढ्यात चुरमुरे पुढे केले.

राहायला आलेल्या मराठी माणसाचं काय होतं, याचं उदाहरण शोधायला वारणेचा काठ सोडावा लागत नाही. वारणेवरचं धरण आणि चांदोलीचं अभयारण्य यांत उठलेल्या गावांच्या वसाहती कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत खालच्या अंगाला बसल्या. माणसं याच खोऱ्यातली, भाषा हीच, देव हेच. पण ती हंगामापुरती आली नव्हती. त्यांना लाभक्षेत्रातली जमीन कायद्याने द्यायची होती, आणि ती पाणी मिळालेल्यांच्या जमिनीतून काढायची होती. मोर्चे, धरणं, कोर्टाच्या तारखा यांत त्यांची दशकं गेली. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांच्या आंदोलनांचा मोठा भाग याच प्रश्नावर खर्ची पडला. आबांच्या गावाजवळच्या वसाहतीला आजही लोक ‘वसाहत’ म्हणतात, गावाचं नाव घेत नाहीत. त्यातले आजोबा वारले, नातू पदवीधर झाले, शब्द तोच राहिला.

“त्यांच्यामुळंच तुमच्या मळ्याला पाणी आलं ना?” मॅडमनी विचारलं.

“आलं की. मी कुठं न्हाई म्हणतोय? पर आमच्या थोरल्या भावाची पुनर्वसनाच्या स्लॅबमदी जमीन गेली, ते बी खरं हाय.”

दोन्ही खरं होतं. त्यांचं भांडण असंच चालतं, एक खरं दुसऱ्या खऱ्यावर ठेवत. मराठवाड्याच्या अनुशेषावर बोलणं आलं तेव्हाही तेच झालं. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्यातला असमतोल मोजला, विजय केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा मोजला. मॅडमनी आमच्या वाट्याचं पाणी, रस्ते, उद्योग तुमच्याकडे वळले असं सांगितलं. आबा म्हणाले, वारणेचं पाणी सह्याद्रीतनं आमच्याच अंगणात येतं, ते बीडला न्यायला काय नळ लावायचा? आणि तुमचे पुढारी मंत्री झाले नाहीत का? तुमच्याकडं कारखाने झाले नाहीत का? झाले. बीडमध्ये ऊसही आहे, कारखानेही आहेत, आणि त्याच तालुक्यांतून कोयते कोल्हापूरला येतात. कारण गावात तोडलं तर मजुरी मिळते. उचल बाहेर जाणाऱ्यालाच चांगली मिळते. लग्नासाठी, दवाखान्यासाठी, विहिरीसाठी एकरकमी लाखभर रुपये देणारी दुसरी बँक तिथल्या कोरडवाहू माणसाला भेटलेली नाही. कोयता जोडीने लागतो म्हणून पोरीची लग्नंही लवकर उरकली जातात. मॅडमचं उरकलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या आजीने त्यांना पाचवीनंतर गावी ठेवून घेतलं आणि आईवडील धाकट्यांना घेऊन फडावर गेले.

“आता मशिनी येणार,” आबा म्हणाले. राज्याने ऊसतोडणी यंत्रासाठी ४० टक्के किंवा ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदानाची योजना २०२३ मध्ये आणली. “मग उचल न्हाई, मुकादम न्हाई, कायच न्हाई.”

“आणि आमची माणसं?”

“तुमची माणसं तवा फौंड्रीत येतील,” आबा म्हणाले आणि स्वतःच हसले. आपण काय बोललो ते त्यांच्या अर्ध्या सेकंदाने ध्यानात आलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुकादम. टोळी शेजारच्या गावातला फड संपवून उद्या इकडे हलणार होती. आबांच्या ८६०३२ जातीच्या उसाला अखेर तोड मिळाली होती. मुकादमाची बोली भरभर, आबांना एका कानाने कमी ऐकू येतं. त्यांनी फोन मॅडमकडे दिला. “तुमीच बोला. तुमच्याकडचाच दिसतोय.”

मॅडमनी गाव विचारलं. शिरूर कासारकडचा निघाला. पाण्याचं, वाढ्यांच्या वाटणीचं, ट्रॉल्या कुठून घालायच्या त्याचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, “किती जण आहात?”

“चौदा कोयते, ताई.”

“लेकरं किती?”

पलीकडे थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज आला.

“लेकरं मोजली न्हाईत.”

“उद्या येताना मोजून आणा,” मॅडम म्हणाल्या आणि फोन आबांकडे दिला. आबा मुकादमाला कोप्यांची जागा समजावून सांगू लागले: विहिरीच्या कडेला नको, कठडा पडलाय, बारकी पोरं असतील, चिंचेच्या अलीकडं घाला, रस्त्याच्या बाजूला.